आकाशवाणीचं बिऱ्हाड

कुलाब्याच्या रेडिओ क्लबात माणसं जेवायला जातात, लग्नाच्या स्वागत समारंभाला जातात, समुद्राचा वारा खायला जातात. रेडिओ ऐकायला कुणी जात नाही. मुंबईत रेडिओचं हे असंच आहे. नाव मागे ठेवून तो स्वतः दुसरीकडे राहायला गेलेला असतो.

त्याचं पहिलं रीतसर बिऱ्हाड अपोलो बंदरावर होतं. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. यंत्र दीड किलोवॅटचं. आवाज जेमतेम कल्याणपर्यंत पोचला तरी धन्य. पुणेकरांना नीट ऐकूच येत नव्हतं, त्यामुळे सुरुवातीच्या कारभाराबद्दल त्यांची एकही तक्रार नसावी. असा योग पुन्हा आला नाही. वर्षाला दहा रुपये लायसन्स भरणारे ग्राहक इतके थोडे होते की तीन वर्षांच्या आत कंपनीनं दिवाळं काढलं. मग सरकारनं संसार हाती घेतला, तोही 1 एप्रिलला! 1931 साली सरकारनंही दुकान बंद करायचं ठरवलं होतं. लोकांनी ओरड केली म्हणून ते चालू राहिलं, आणि 1936 मध्ये त्याचं ऑल इंडिया रेडिओ झालं.

पुढचं बिऱ्हाड क्वीन्स रोडवर, म्हणजे आजच्या महर्षी कर्वे रोडवर, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांच्या इमारतीत. वर-खाली फायलींची खाती आणि मध्ये तंबोरे जुळताहेत! सरकारी इमारतीत सुरात असलेला तेवढाच एक मजला असावा.

1942 च्या ऑगस्टमध्ये मात्र याच शहरात एक दुसरा रेडिओ सुरू झाला, ज्याला इमारतच नव्हती. उषा मेहता आणि त्यांचे सोबती काँग्रेस रेडिओ चालवत आणि पोलिसांच्या भीतीनं यंत्र घेऊन या घरातून त्या घरात जात. सरकारी रेडिओला ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत. नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना पकडलं. जेमतेम तीन महिन्यांचं ते केंद्र. पण मुंबईच्या रेडिओच्या इतिहासातला सगळ्यात मानाचा पत्ता मी त्या बेपत्ता केंद्रालाच देईन.

आताची इमारत बॅकबे रेक्लमेशनवर, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आहे. बाहेरून पाहावं तर एखादं सरकारी खातंच. खरी गंमत स्टुडिओच्या दारात. दारं दोन, एकामागे एक, जाड आणि जड. पहिलं मागे नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. भिंतींना भोकं, पायाखाली गालिचा, वर लाल दिवा. तो लागला की संहितेचं पान उचलून अलगद बाजूला सरकवायचं, उलटायचं नाही. कागद सळसळला तर श्रोत्याला वाटायचं, पाऊस आला. असल्या बंद खोल्यांतूनच 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घरोघरी पोचले. लोकांना त्यांच्या घराचा कोपरा न् कोपरा माहीत होता, आणि ते घर मुळात नव्हतंच.

जवळच्या आमदार निवासानं तर रेडिओचं नावच उचललं: 'आकाशवाणी आमदार निवास'. 2025 साली तिथल्या उपाहारगृहातल्या डाळीवरून झालेला वाद राज्यभर गाजला, तेव्हा बातम्यांत आकाशवाणीचं नाव जितकं झळकलं, तितकं रेडिओमुळे अलीकडे कधी झळकलं नसेल. रेडिओवाल्यांनी यावर काय म्हणावं? ते नेहमीप्रमाणे वेळेवर बातम्या वाचून मोकळे झाले असतील.

तेव्हा 'आपली आवड' कळवायला कधी पोस्टकार्ड घालावंसं वाटलंच, तर आकाशवाणी, बॅकबे रेक्लमेशन, मुंबई 400020 एवढंच लिहा. पुढे 'आमदार निवास' जोडू नका. तिथं फर्माइशी आधीच फार येतात.