पाठमोरी माणसं

एलिमेंटरीच्या परीक्षेत स्मरणचित्राला बाजाराचा देखावा आला होता. मी सतरा माणसं काढली. सतराही पाठमोरी. भाजी घेणारी बाई पाठमोरी, तिच्या कडेवरचं पोर पाठमोरं, आणि ज्याने गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसायला हवं तो भाजीवालाही पाठ फिरवून बसलेला. सगळ्या बाजाराने माझ्याशी अबोला धरल्यासारखं ते चित्र होतं. पण ही आमच्या ड्रॉइंगच्या सरांचीच शिकवण. "तोंडं जमत नसतील तर माणसं पाठमोरी काढा. परीक्षक काही त्यांना वळवून बघत नाही." बी ग्रेड मिळाली. वस्तुचित्रातल्या तांब्याने आणि दोन वांग्यांनी हात दिला असणार. तांब्याचं बरं असतं. तो आपलं चित्र बघून "मी असा दिसतो?" असं विचारत नाही.

पुढे चौतीस वर्षं बँकेत गेली. त्यातली कितीतरी वर्षं माझं काम एकच, चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघायची. 'कुलकर्णी'तल्या वेलांटीचा फुगा जरा कमी वाटला की चेक परत. लोक काउंटरवर येऊन तावातावाने सांगायचे, "अहो, मीच केलीय ही सही!" मी शांतपणे म्हणायचो, "तुम्हीच केली असेल हो, पण जुळत नाही." निवृत्त झाल्यावर मी माणसांचे चेहरे काढायला घेतले तेव्हा त्या सगळ्या खातेदारांचा तळतळाट मला एकदम लागला. आता मी काढतो आणि घरचे परत पाठवतात. शेरा तोच. जुळत नाही.

सामान मात्र मी थाटात आणलं. एचबीपासून आठ-बीपर्यंत पेन्सिली, जाड कागदाचं पॅड, ड्राय पेस्टलची पेटी. दुकानदाराने उंटाच्या छापाची पेटी पुढे केली आणि शाळेची कंपासपेटी आठवली. दांडेकरांनी 1931 साली शाईपासून सुरू केलेल्या या कंपनीने आमच्या कितीतरी पिढ्यांची बोटं रंगवली आहेत. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, हेही मला साठीत कळलं. ग्राफाइट म्हणजे शिशाचाच प्रकार असं लोकांना पूर्वी वाटे, म्हणून ते नाव चिकटलं. काँते नावाच्या फ्रेंच माणसाने 1795 मध्ये ग्राफाइटच्या भुकटीत माती कालवून ती भाजली, तेव्हा आजची पेन्सिल झाली. माती जास्त तर पेन्सिल कडक, कमी तर मऊ नि काळी. मी आल्यागेल्याला हे इतक्या वेळा सांगितलं की चित्रं काढण्याआधीच घरात माझा चित्रकार म्हणून दबदबा झाला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

पहिला बळी बायको. माझ्या हातून डोळे कपाळात गेले. खरं म्हणजे डोळे डोक्याच्या बरोब्बर मध्यावर असतात, टाळू ते हनुवटी या अंतराच्या निम्म्यावर. पट्टी लावून बघा, विश्वास बसणार नाही. आपण चेहऱ्यात कपाळाला जमेस धरत नाही, म्हणून नवशिका डोळे वर चढवतो आणि माणूस बिनकपाळाचा होतो. आमच्या संसारात कपाळाचा उल्लेख या निमित्ताने बराच झाला. डोळे खोडून पुन्हा बसवले, नाक जमलं, मग मी मन लावून शेडिंग केलं. बायकोने चष्मा लावून चित्र पाहिलं आणि विचारलं, "अहो, हनुवटीखाली एवढी पेन्सिल कशाला वाया घालवलीत?" ती सावली आहे असं मी सांगितलं. "सावली एकीची आणि हनुवट्या दोन?" चेक परत.

तेव्हा ठरवलं, घरच्यांचं नको, थोरामोठ्यांचं काढू. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी टिळक जमले! शेजारच्या चार वर्षांच्या पोराने बोट दाखवून "टिळक" म्हटलं. दुसऱ्या दिवशी गांधीजी, तिसऱ्या दिवशी चॅप्लिन. आठवडाभर मी हवेत. मग एका दुपारी शंका आली म्हणून मी टिळकांची पगडी आणि उपरणं खोडरबराने पुसलं. मिशा तशाच ठेवल्या. ते चित्र घरात फिरवलं. बायको म्हणाली, "गॅसच्या एजन्सीतले." मुलगी म्हणाली, "आपले पोस्टमन काका?" म्हणजे मी टिळक काढलेच नव्हते. मी पगडी काढली होती आणि टिळक लोकांनी आपापल्या पदरचे घातले होते. गांधीजींच्या बाबतीत तर दोन गोल आणि एक टक्कल एवढ्यावर भागतं. लताबाईंच्या दोन वेण्या आणि पांढऱ्या साडीचे काठ काढले की चेहऱ्याची निम्मी फिकीर मिटते. सचिन हेल्मेटात असेपर्यंत सचिन असतो. मी एकदा उत्साहाच्या भरात हेल्मेट काढलं, तर आत आमच्या मेहुण्याचा धाकटा निघाला.

माधुरी दीक्षितला काही पगडी नाही. तिच्याकडे आहे ते हसू, आणि हसणाऱ्याला दात असतात. मी एकेक दात वेगळा आखला. दोन दातांमधली रेघ काढायचीच नसते, नुसता पांढरा पट्टा ठेवून कडेला थोडी सावली द्यायची, हा धडा मी ते चित्र पूर्ण झाल्यावर शिकलो. तोवर माधुरी दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखी दिसायला लागली होती. ते चित्र मी कुणाला दाखवलं नाही. काही गोष्टी माणसाने स्वतःपुरत्या ठेवाव्यात.

धंदा म्हणून हे काम करणारे याच्या फार पुढे गेलेले असतात. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात, समोर बसाल तर हां हां म्हणता तुम्हाला कागदावर उतरवतात. मुंबईला गेलो तेव्हा मीही एकासमोर बसलो. नजर चुकवून त्याच्या हाताकडे बघत होतो, तर तो नजर न हलवता म्हणाला, "काका, समोर बघा." चित्र हातात आलं. त्याने मला दहा वर्षं परत केली होती आणि कपाळावरचे केसही. बायकोने ते पाहताक्षणी म्हटलं, "बघा, याला म्हणतात हुबेहूब!" वर्षानुवर्षं सह्या तपासलेला माणूस मी. ती सही खोटी होती हे मला स्वच्छ दिसत होतं. पण तो चेक मी पास केला.

मग मुलीकडे वळलो. तिला हळदणकरांची गोष्ट सांगितली. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर. त्यांचं ते हातात समई घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. ती स्त्री म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी, गीता. समईच्या ज्योतीवर हात धरून ती तीनेक तास उभी राहिली होती म्हणतात. आणि चित्र जलरंगातलं, जिथे चूक झाली की खोडरबर कामाचं नाही. पुढे त्या आमच्या सांगलीशेजारी कोल्हापुरातच राहत, 2018 साली 102 वर्षांच्या होऊन गेल्या. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही देवघरातून समई आणते की काय. तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "बाबा, फोटो काढा आणि त्यावरून करा. मला क्लासला जायचंय." हळदणकर आणि माझ्यात जो फरक आहे त्याला कारणं बरीच आहेत. त्यातलं एक तरी माझ्याकडचं नाही, एवढंच म्हणतो.

राहिला शेरू. आमचा काळा गावठी कुत्रा. काळा कुत्रा पेस्टलने काढायचा तर काळा खडू जवळजवळ लागतच नाही. उन्हात त्याच्या पाठीवर निळा दिसतो, मानेखाली तपकिरी, पोटाकडे चक्क जांभळा. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने खडू ओढायचा आणि शेवटी नाकावर पांढरा ठिपका द्यायचा. तो ठिपका पडला की नाक ओलं होतं. हे मला जमलं, हे मी सांगलीभर सांगू शकतो. फक्त एक झालं. ड्राय पेस्टल म्हणजे रंगाची भुकटीच, जेमतेम डिंकाने धरलेली. वरून फिक्सेटिव्हचा फवारा मारला नाही तर ती कागदाला नुसती टेकलेली असते. मी फवारा आणायला आत गेलो आणि शेरू आपलं चित्र बघायला आला. त्याला ते आवडलं असावं, कारण त्याने जोरजोरात शेपूट हलवलं. चित्राची मागची बाजू, म्हणजे त्याचीच, शेपटाने पुसून टाकली. आजवर मला मिळालेली ही एकमेव मनापासूनची दाद. कुत्र्यामांजरांच्या चित्राला कुणी नावं ठेवत नाही, असं मात्र समजू नका. समोरच्या वहिनींच्या पॉमेरियनचं चित्र काढून दिलं तर त्या म्हणाल्या, "छान आहे, पण आमच्या पिंकीचा डावा कान दुमडतो, भावजी." मी उजवा दुमडला होता. मला त्या बाईंचं कौतुक वाटलं. माझा कोणता कान कसा आहे हे माझ्या घरात कुणाला सांगता येणार नाही.

आईने तर बसायलाच नकार दिला. तिचं म्हणणं सरळ होतं. आमच्या घरात भिंतीवर मोठा होऊन गेलेला प्रत्येक माणूस चंदनी हारात आहे. "मला आत्ताच कशाला चढवतोस? खिळा आधी ठोकून ठेवलायस का?" मी म्हटलं, फ्रेम करणार नाही. "मग काढतोस कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना बसा म्हणावं लागत नाही, कारण सकाळी साडेसात ते दहा ते बसलेलेच असतात, खिडकीपाशी, तोंडासमोर पेपर धरून. अडीच तास न हलणारं मॉडेल घरात असताना मी बाहेर शोधत होतो. अडचण एवढीच की चेहरा दिसत नाही. दोन-तीनदा मी म्हटलं, "अण्णा, पेपर जरा खाली घ्या." पेपर खाली आला, चष्म्यावरून दोन डोळे दिसले, "झालं?" म्हणाले, आणि पेपर वर. शेवटी मी जे दिसत होतं ते काढलं. उघडा पेपर. त्याच्या कडेला दोन्ही बाजूंना चार-चार बोटं, उजव्या तर्जनीचं नख लहानपणी दारात चेंगरून कायमचं वाकडं झालेलं. पेपराच्या वर टकलाची कड, तिच्यावर खिडकीतलं ऊन. खाली एका पायाची चप्पल अंगठ्यावर लोंबकळती, ती ते वाचताना सतत हलवत असतात. चेहरा नाहीच.

सकाळी चित्र डायनिंग टेबलावर ठेवून मी दूध आणायला गेलो. परत आलो तर सगळे त्याच्याभोवती. दूध ओतून घ्यायला आलेली बायको "अगंबाई, अण्णा!" म्हणून तशीच पातेलं धरून उभी. धुणीभांडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आजोबांची चप्पल!" आईने पदराला हात पुसून चित्र उचललं आणि बराच वेळ ते वाकडं नख बघत राहिली. अण्णांनी एकवार पाहिलं आणि म्हणाले, "पेपराची घडी चुकलीय. पान एक आणि आठ एकाच कागदावर असतात." घडी मी दुरुस्त केली. ते चित्र आता आईच्या कपाटाच्या दाराला आतून सेलोटेपने चिकटवलेलं आहे. भिंत नको म्हणून.

सध्या आईचं चालू आहे. ती कणीक मळते आहे, ओट्याशी, पाठमोरी.