सिमेन्स ग्रे मासा

आमचा धंदा मोटारी जळण्यावर चालतो. लासूर स्टेशनात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी आटलं की आपल्या घरी भाजीला फोडणी, असा हिशोब. फेब्रुवारी संपता संपता बोअर खाली जातात, मोटार कोरडी पळते, व्होल्टेज कुंथत असतं, आणि जळक्या कॉइलचा वास मोटारसायकलवर मागं बांधून लोक दुकानात येतात. त्या दिवसांत मला जेवायला फुरसत नसते. पण पाऊस चांगला झाला, शिवना दोन्ही थड्या धरून वाहायला लागली, की मोटारीला कुणी हात लावत नाही. बाजार समितीत लोक हसतमुख असतात, कर्ज फेडण्याच्या गोष्टी करतात, आणि मी दुकानात माशा मारत बसतो. अलीकडे माशा सोडल्या आहेत. मासे रंगवतो.

खरे नव्हेत, शिशाचे. जिग म्हणतात त्याला. शिशाचं बोराच्या बीएवढं डोकं, त्यातच ओतून बसवलेला गळ, मागं केसांची शेपटी. पाण्यात सोडायचा आणि काठीचं टोक हलकेच वरखाली करत राहायचं. खाली बसलेल्या मरळीला वाटलं पाहिजे की काहीतरी जिवंत, घाबरट आणि चविष्ट चाललंय. गांडूळ लावून गळ टाकणाऱ्यांना हा शहाणपणा पटत नाही. गांडूळ फुकट मिळतं आणि त्याला रंग द्यावा लागत नाही, हे त्यांचं म्हणणं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी त्यांना मानसोल्लास सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला. त्यानं राजेलोकांनी करमणूक कशी करावी यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात मत्स्यविनोद म्हणून गळानं मासे धरायचं प्रकरण घातलं. कुठल्या माशाला कुठलं आमिष, हे सगळं त्यात आहे. राजाला वेळ होता आणि आषाढ-भाद्रपदात मलाही असतो.

शिसं शेजारच्या टायरवाल्याकडून येतं. चाकाचं बॅलन्सिंग करताना रिंगला ठोकतात ती जुनी वजनं तो डब्यात टाकतो. सगळीच शिशाची नसतात. काही जस्ताची असतात, काही लोखंडाची. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्ताला 419 लागतात, म्हणून आच बेताची ठेवली की जस्त वर तरंगतं आणि चमच्यानं काढता येतं. आच वाढवली की ते खाली मिसळतं आणि मग ओतलेलं डोकं अर्धवट भरतं, नकटं निघतं. पावसाळ्यात आणखी एक भानगड असते. वजनं ओलसर असतात, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. म्हणून आधी पत्र्यावर टाकून खडखडीत वाळवायची. हे काम दुकानामागे उघड्यावर, वारा पाठीकडून घेऊन. शिसं अंगात गेलं तर चांगलं नाही, एवढं बॅटरीवाल्यांच्या शेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इंग्लंडात तर हंसांनी शिशाचे मणी गिळून मरायला सुरुवात केली तेव्हा 1987 पासून गळाच्या बारीक शिशावर बंदीच आली. आमच्याकडे हंस फक्त लग्नपत्रिकेवर असतात, पण हात धुतल्याशिवाय मी चहाला हात लावत नाही.

साचा लेथवर करून घेतला. अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये खोबणी. लेथवाल्याला कशासाठी ते सांगितलं नव्हतं. त्यानं अंदाजानं बंदुकीच्या गोळ्या समजून दोन दिवस माझ्याशी फार अदबीनं वागून घेतलं.

आता रंग. साधा ऑइलपेंट लावून बघावा तर पहिल्या दगडाला टेकला की टवका. म्हणून पावडर. पावडर कोटिंग म्हटलं की आमच्या तालुक्यातल्या निम्म्या घरांना समजावून सांगावं लागत नाही. 1985 मध्ये बजाज वाळूजला आली, तिच्यामागून हजार वर्कशॉप आले, आणि गंगापूर तालुक्यातली पोरं कंपनीच्या बसमध्ये झोपून जायला शिकली. माझा भाचा अशाच एका पावडर कोटिंगच्या शेडमध्ये आहे. तिथं पत्र्याचे भाग सात टाक्यांतून धुऊन-फॉस्फेट करून निघतात, मग बंदुकीतून विजेचा भार दिलेली भुकटी त्यांच्यावर उडवतात. भाग अर्थ केलेला असतो, भुकटी आपणहून जाऊन चिकटते. मग भट्टी. बूथच्या खाली सांडलेली भुकटी शेवटी झाडून टाकतात. ती भाच्यानं मालकाला विचारून आणली.

मी त्याला म्हटलं, "अरे, सगळी राखाडीच दिसतेय."

"मामा, मग वाळूजला काय गुलाबी बनतं का? इलेक्ट्रिक पॅनेल बनतात. सिमेन्स ग्रे. रंगाचा नंबर राल 7032."

तर असा हा रंग. सबस्टेशनच्या पॅनेलपासून पीठगिरणीच्या स्टार्टरपर्यंत सगळ्या डब्यांना असतो तो. माझ्या पहिल्या माशांची अख्खी पिढी विद्युत मंडळाच्या गणवेशात जन्माला आली.

रंग चढवायची कृती मात्र बघण्यासारखी आहे आणि मी ती गिऱ्हाइकासमोरच करतो. गळ चिमट्यात धरायचा आणि डोकं हीट गनसमोर फिरवायचं. श्रिंक स्लीव्ह आकसवायला दुकानात ती असतेच. साधारण पंधरा-वीस सेकंद. मग डोकं भुकटीत एकदा बुडवून लगेच वर. वर येतं तेव्हा ते कोरडं, मळकट, कुणी धुळीत पाडल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याचा चेहरा पडतो. मग आतली ऊब भुकटीला वितळवत बाहेर येते. कडेनं एक ओली चमक सरकते, ती सबंध डोक्यावर पसरते, आणि दोन श्वासांत काचेसारखा रंग. गिऱ्हाईक हमखास "हां!" म्हणतं. डोकं कमी तापलं तर रंग रवाळ राहतो. जास्त तापलं तर भुकटी ढीगभर चिकटते आणि हनुवटीला थेंब लोंबतो. दोरा ओवायचं भोक रंग ओला असतानाच सुईनं मोकळं करायचं, नंतर करू म्हणाल तर ड्रिलच लागेल.

भुकटी डब्यात दबून बसते, म्हणून तिला हवेवर तरंगत ठेवायची. ही युक्ती जर्मनीतल्या एर्विन गेमर यांची, 1950 च्या दशकातली. तळाला बारीक छिद्रांचा पडदा, खालून हवा. भुकटी उकळत्या दुधासारखी हलकी होते आणि पाण्यासारखी हेलकावे खाते. मी तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, फिशटँकचा पंप शहरातून आणला, आणि पडद्याला कोविडातल्या मास्कचं कापड ताणून बसवलं. घरात त्या मास्कची थप्पी अजून होती. सरकारनं तोंडाला बांधायला सांगितलेली वस्तू शेवटी कामाला आली.

एवढ्यानं काम संपत नाही. भुकटी नुसती वितळून उपयोगाचं नाही, ती भाजून पक्की व्हावी लागते, 180 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. दुकानात भट्टी आहे. मोनोब्लॉकच्या कॉइलला वार्निश मारून सुकवायला पत्र्याचं कपाट आणि आत दोनशे वॉटचे बल्ब. पण ती शंभरीपुढे जायला तयार नाही. मग घरच्या ओव्हनकडे नजर गेली. सौ.नं ती नजर ओळखली.

"अहो, त्यात नातवाचा केक होतो."

"पावडर आहे, धूर नाही."

"शिसं आहे ना आत?"

बाईमाणसाला विज्ञान शिकवू नये, ते आधीच येत असतं. भंगारातून एक काच फुटलेला ओव्हन उचलला, काचेच्या जागी पत्रा मारला, आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, 'खाण्याचे ठेवू नये'. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोरानं त्यात डबा गरम करायला ठेवला होता. तेव्हापासून कुलूप आहे.

रंगाबद्दल मात्र गावात एकमत होईना. कांद्याच्या आडत्यानं गुलाबी सुचवला, मालाला चमक पाहिजे म्हणाला. मक्याच्या व्यापाऱ्याला पिवळा हवा. ट्रॅक्टरवाल्यानं आपल्या ट्रॅक्टरच्या कंपनीचा निळा सोडून बाकी रंगांना रंग मानायला नकार दिला. एका मास्तरांनी पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, खाली गेलं की तो काळपट दिसतो, असं सांगितलं. ते खरं आहे. पण श्रावणातलं आमच्याकडचं पाणी चहासारखं असतं. त्यात हाताची बोटं दिसत नाहीत तिथं राल नंबर काय दिसणार? अशा पाण्यात मासा हलणारी सावली बघतो आणि अंगाच्या कडेवरच्या रेषेनं पाण्याची थरथर ओळखतो. हे मी सांगितलं तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले, "मग रंगवू कशाला राह्यले?"

पोळ्याला बैलाची शिंगं हिंगुळानं रंगवतात, ते बैलानं कधी आरशात बघितलंय? तरी कुणी न रंगवता बैल वेशीत नेऊन दाखवावा. मालकाला दाराबाहेर काढायचं धाडस होणार नाही. माझ्या जिगचंही तसंच. शेपट्या तर मी पोळ्याच्या दुकानातूनच घेतो. बैलाच्या माथ्यावरचे नायलॉनचे गोंडे उसवले की केशरी, पोपटी, जांभळे धागे सुटतात आणि शिशाच्या मानेवर तांब्याच्या तारेनं बांधता येतात. तार दुकानातली, जळक्या मोटारीची. डोळ्यांसाठी सौ.च्या टिकल्या. काळी, मध्ये खड्याची. भाजून झाल्यावर चिकटवायची, वरून पारदर्शक नेलपॉलिशचा हात. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी 1936 मध्ये बुचाच्या लाकडाचा पहिला मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून रोगण दिलं. आज त्यांची कंपनी जगभर आहे. आमच्याकडे टिकल्या संपल्या की फक्त भांडण होतं.

एक गोष्ट वाळूजच्या भुकटीनं शिकवली. पिवळ्या भुकटीत निळी मिसळली तर हिरवी होत नाही. दोन्हींचे कण आपापला रंग धरून वितळतात आणि तिळाचे ठिपके पडतात. तेल रंगात जे शेजारी एक होतात ते इथं भिंत घालून राहतात. ठिपक्यांचा मासा दिसतो झकास, पण कुणी ठराविक हिरवा मागितला तर देता येत नाही.

आई माळकरी. तिची षष्ठीची पैठणची वारी कधी चुकली नाही. ती हे सगळं बघत होती. एकदा चष्मा लावून एक जिग हातात घेतली, टिकलीच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, "एवढी नटवली, मग हिला आकडा कशाला लावला रे?"

मासे धरायचे कुठं, हा प्रश्न नंतरचा. कायगाव टोक्याला जायकवाडीचं पाणी येऊन टेकतं खरं, पण तो जलाशय 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि मासेमारी कुणी, कशी, कुठं करायची याचे नियम आहेत. परवान्याशिवाय जाऊन पक्ष्यांच्या डोळ्यांसमोर काठी टाकायची माझी हिंमत नाही. म्हणून आबांचं शेततळं. आबा आमचे जुने गिऱ्हाईक, दर उन्हाळ्याला एक मोटार आणतात. तळ्यात त्यांनी रोहू-कटला सोडलाय, आणि कुणी न सोडता आलेल्या चिलाप्याही आहेत. मी काठी उघडली आणि आबा बांधावरून ओरडले.

"थांब, थांब! काय लावलंय दोऱ्याला? आकडा?"

"जिग आहे."

"जिग असू दे नाहीतर जिजाजी असू दे. कागद फाटंल माझा! पाचशे मायक्रॉनचा हाय. एक भोक पडलं की अख्खं तळं जमिनीत. भरपाई कोण देणार, मासा?"

त्यांचं बरोबर होतं. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या अस्तरात गळ रुतला तर पाण्याच्या हंगामातच माझ्याकडे त्यांची मोटार आली असती. मी म्हटलं, जाऊ द्या. पण आबांनाही रंग बघायचे होते. शेवटी पक्कडीनं गळाचं टोक वळवून डोक्यालाच चिकटवलं, बोथट गोळा केला, आणि बिनआकड्याची मासेमारी सुरू झाली.

तळ्याचं पाणी बऱ्यापैकी नितळ, खाली काळा कागद, त्यामुळं सगळं दिसतं. रोहू-कटल्यांनी ढुंकून पाहिलं नाही. ते शेवाळ-प्लवंग खाणारे, त्यांना नटव्यांशी देणंघेणं नाही. चिलाप्या मात्र घोळक्यानं आल्या. ठिपक्याच्या माशाला एकीनं तोंड लावलं, थुंकलं, दुसरीनं लावलं, थुंकलं. सिमेन्स ग्रेला एक जरा मोठी चिलापी तळ्याच्या टोकापर्यंत सोडायला आली. आबा उकिडवे बसून टाळ्या वाजवत होते. एक मासा निघाला नाही आणि दोन माणसांची दुपार गेली, हे त्यांच्या घरच्यांना अजून पटलेलं नाही.

निघताना आबांनी पिशवीतून चार पितळी शेंब्या काढल्या. बैलांच्या शिंगांच्या टोकाला बसवायच्या. पोळा आठवड्यावर आला होता.

"या हिरव्या करून दे. भाजून पक्क्या. दरसाली रंग जातो."

"हिरवी पावडर नाही आबा. सिमेन्स ग्रे आहे."

"कोणचा?"

मी त्यांच्याच स्टार्टरच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"बैल हाय का डीपी हाय?" आबा उसळले. मग जरा विचार करून म्हणाले, "पिवळी असंल ना? निळी असंल ना? मिसळ दोन्ही, झाली हिरवी."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण ते शेंब्या माझ्या हातात कोंबून गोठ्याकडे निघाले होते. पोळ्याला त्यांची जोडी तिळाच्या ठिपक्यांच्या शेंब्या घालून वेशीतून निघाली. दुसऱ्या दिवशी दुकानात तिघं आले. एकाच्याही हातात मोटार नव्हती.