पंचनामा डबल स्टँडचा

आमच्या मोटारसायकलीतून एक आवाज येई. सिटाखाली बसून कुणीतरी खोबरं खवतंय असा. तो ऐकण्याचं भाग्य मात्र माझ्या एकट्याचं. बायको मागे बसली की खवणी बंद! “तुमचे कान तपासून घ्या,” असा तिचा निकाल.

गॅरेजातही तेच. मेकॅनिक आधी गाडी डबल स्टँडवर चढवी, गिअर टाकून मागचं चाक फिरवी. चेन एखाद्या गरीब गायीनंही लाजावं इतकी सोज्वळ. “काय नाय साहेब. ऑइल मारतो.” प्रत्येक गॅरेजचं निदान वेगळं आणि ऑइल तेच.

अखेर एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी गाडी साइड स्टँडवर लावायला सांगितली आणि गुडघ्यांना शिव्या घालत ते खाली वाकले. दुमडलेल्या डबल स्टँडच्या दांडीवर चेननं घासून चकचकीत केलेला पट्टा होता. म्हणजे गुन्हेगार तोच! तपासणीच्या वेळी तो जमिनीवर पाय रोवून, चेनपासून लांब, अख्खी गाडी पेलत उभा असायचा. आरोपीलाच पंच नेमल्यावर पुरावा कुठून मिळणार? बायकोचंही कोडं सुटलं. मागे वजन पडलं की सस्पेन्शन दबतं, चेन स्टँडपासून वर सरकते. मी एकटा स्पीडब्रेकरवरून गेलो की मागचं चाक खाली येतं आणि खवणी सुरू.

“स्टँड काढूनच टाका,” एका मेकॅनिकनं सुचवलं. पुण्यात साइड स्टँडवर तिरकी गाडी लावायला जागा कोण देणार, हे त्यानं सांगितलं नाही. दुसरा हातोडी घेऊन स्टँड वाकवायला निघाला होता. त्याला काकांनी नुसत्या नजरेनं परत पाठवलं.

दुमडलेला स्टँड ज्या रबरावर टेकतो, ते रबरच गळून पडलं होतं, त्यामुळे स्टँड नको तितका वर चढे. वर चेनही ढिली. साध्या गाड्यांना खालच्या चेनमध्ये मध्यभागी 20 ते 30 मिलिमीटर खेळ पुरतो. आमची झोपाळा झाली होती. नवं रबर बसलं, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून चेन ताणली. स्टँडचं बुश आणि स्प्रिंग ठीक निघाली, नाहीतर तीही बदलावी लागली असती.

तेव्हा खालून खरखर येत असेल, तर मेकॅनिकला गाडी लगेच डबल स्टँडवर चढवू देऊ नका. आधी त्याला खाली वाकायला लावा.