साहेब, सिग्नल दिसत नाही
देवनारच्या क्षेपणभूमीवर 1927 पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. तिथे पक्षभेद मानत नाहीत. सत्ताधारी असो वा विरोधक, वाढदिवस उलटला की फ्लेक्सची रवानगी कचऱ्यातच. तोवर मात्र नाक्यावर साहेबांचं राज्य: मधोमध हात जोडलेले साहेब, वर श्रेष्ठींची बिल्ल्यांएवढी मुंडकी, खाली शुभेच्छुकांची रांग. त्यातल्या एकाने गॉगलही काढलेला नाही. गटाराचं झाकण बसवलं तरी ‘यांच्या अथक प्रयत्नांतून’!

गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा आमदार झाले. फिरायचे एसटीने. ताफाच नाही म्हटल्यावर ट्रॅफिक तरी कुणाचा अडवणार? चिंतामणराव देशमुखांनी तर कमालच केली. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं. लोकसभेत निवेदन केलं आणि मोकळे झाले. ना ढोलताशा, ना ‘भव्य राजीनामा सोहळा’. आजच्या एखाद्या माध्यम सल्लागाराला हे ऐकून भोवळ येईल.

तेव्हा साहेब, राजीनामा वगैरे राहू द्या, एवढं आमचं मागणं नाही. सिग्नलपुढचा तुमचा चेहरा तेवढा हलवा. रस्ता ओलांडायचा आहे.