पोचा आधीचाच होता

सिरसाळ्यात यॉट भाड्यानं मिळत नाही. मिळत असती तर परळी-बीड रस्त्यावर तिचे फलक कधीच झळकले असते, कारण फलक लावायला आमच्याकडे जागा कधी कमी पडलेली नाही. अडचण पाण्याची आहे. ज्या परळीचं औष्णिक वीजकेंद्र 2015 साली पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं आणि जिच्या शेजारच्या लातूरला पुढच्याच वर्षी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या मुलखात बोट घेऊन माणूस जाणार कुठं? तरीही यॉटच्या अनामतीचं एक भांडण सल्ल्यासाठी सिरसाळ्यात आलं, आणि माझं प्रामाणिक मत आहे की ते अगदी योग्य कचेरीत आलं.

आमचा पुतण्या जर्मनीत असतो. मित्रमंडळींनी मिळून क्रोएशियात, स्प्लिट बंदरातून आठवडाभरासाठी शिडाची बोट घेतली. एकाकडे बोट चालवायचा परवाना होता, बाकीच्यांकडे फोटो काढायचा उत्साह. भाडं वेगळं आणि अनामत वेगळी. अनामत दोन हजार युरोंच्या वर. परत देताना कंपनीनं पाणबुड्या उतरवून बोटीचं पोट तपासलं, मग वर येऊन दोन गोष्टी सांगितल्या. शिडाची दोरी ताणायच्या चक्राचं हँडल नाही, आणि मागच्या बाजूला ओरखडा आहे. हँडल समुद्रात पडलं होतं. ते बहुतेकांच्या हातून पडतंच म्हणे. भांडण ओरखड्याचं होतं.

"काका, तो आधीचाच होता हो!"

"ताब्यात घेताना कागदावर लिहून घेतला होता का?"

पलीकडे बराच वेळ फक्त वाऱ्याचा आवाज.

ज्यानं बिछायत केंद्राच्या दारात उभं राहून बगुन्याचा पोचा कुणाचा यावर वाद घातला आहे, त्याला ॲड्रिॲटिक समुद्रात नवं काही शिकण्यासारखं नाही. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे ताटं, पेले, वगराळी, झारे, बुंदीची कढई, सतरंज्या, लोड आणि खुर्च्या टेम्पोत बसून गावोगाव फिरायला निघतात. नेताना मोजायला मांडववाल्याचा पोरगा असतो आणि आपल्याकडून एखादा मेहुणा. पोरगा भराभर मोजतो, मेहुणा फोनवर बोलत 'हां, हां' म्हणतो. परत देताना मात्र मालक स्वतः येतो, चष्मा पुसतो आणि एकेक ताट उलटं करून बघतो. सगळ्या भांडणाचं मूळ या दोन मोजण्यांच्या वेगात आहे.

भांड्यावर नाव कोरलेलं असतं, म्हणून घोटाळा होणार नाही असं वाटतं. पण एकाच तिथीला गल्लीत दोन लग्नं असली की ताटं स्वतःहून सोयरीक जमवतात. आपल्या ढिगात दुसऱ्या केंद्राचे पेले निघतात, आपले पेले दुसऱ्याच्या पोत्यात. एका लग्नात हिशेब लावताना वगराळी दोन कमी भरली आणि पेले नेल्यापेक्षा जास्त निघाले. मी म्हटलं, जास्तीचे ठेवा आणि वगराळ्यांचं सोडा. मालक म्हणाले, "सर, पेल्यानं वरण वाढता येतंय व्हय?" याला उत्तर नव्हतं.

खुर्चीची गोष्ट आणखी अवघड. प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय कधी मोडला, हे ठरवायला पंचनामाच करावा लागतो. तिच्यावर शेवटचे बसलेले मामा तालेवार असतात, त्यांचं नाव कुणी घेत नाही. सतरंजीला पडलेल्या भोकाबद्दल वरपक्ष वधूपक्षाकडे बघतो, वधूपक्ष बँडवाल्याकडे.

आता कायदा. भारतीय करार कायदा 1872 चा आहे, म्हणजे सिरसाळ्यातल्या कुठल्याही मांडववाल्याहून जुना. त्याचं कलम 151 सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्यानं तिची एवढी काळजी घ्यावी, जेवढी सर्वसाधारण समंजस माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची घेईल. कायदा करणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या लग्नाची पंगत पाहिली नसावी. त्या दिवशी मांडवात समंजस माणूस शोधायचा कुठून? नवरदेवाचा बाप आहेराच्या पाकिटांत गुंतलेला, आचारी चिडलेला, आणि उरलेले रुसलेले.

कलम 74 मात्र मला आवडतं. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप पूर्ण मिळत नाही. वाजवी भरपाई तेवढी मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयानं 1963 साली फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात, करारापोटी भरून ठेवलेली रक्कम जप्त करण्यालाही हेच लागू केलं. मी हे आमच्या मालकांना समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या साहेबांनी वगराळी मोजून नेली हुती का?"

खरं तर आमच्या भागात अनामत या शब्दाचा धसका निवडणुकीमुळे आहे. विधानसभेला दहा हजार, लोकसभेला पंचवीस हजार; वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर सरकारजमा. तिथं पोचा आधीचा होता म्हणायची सोय नाही. म्हणूनच 'डिपॉझिट गेलं' हे वाक्य पारावर इतक्या आनंदानं उच्चारलं जातं, आणि म्हणूनच मांडववाल्यानं शंभर रुपये कापले तरी माणूस पराभूत उमेदवारासारखा मागच्या गल्लीनं घरी जातो.

बोटवाल्यांचा हिशेब थंड डोक्याचा असतो. बोटीचा विमा असतो, पण नुकसानीचा पहिला ठरावीक भाग विमा कंपनी सोसत नाही. साधारण तेवढीच अनामत भाडेकरूकडून घेतात. ज्याला ही धाकधूक नको, त्यानं परत न मिळणारी थोडी रक्कम आधीच भरायची. म्हणजे भांडणाचा हक्कच विकून टाकायचा! आमच्या मालकांकडे विमा नाही. त्यांचा विमा म्हणजे मी, माझा भाऊ आणि पुढच्या लग्नसराईत आम्हाला पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागणार ही खात्री. म्हणून पोच्याचे दोनशे सांगतात, पन्नासावर येतात आणि वर चहा पाजतात. स्प्लिटच्या कंपनीला पुतण्या पुन्हा भेटणार नाही, हे तिलाही ठाऊक आणि त्यालाही. मग चहा कोण पाजणार?

तरी मी त्याला रीतसर सल्ला दिला. पहिल्या दिवशी काढलेले फोटो चाळ. कुणाच्या तरी सेल्फीत मागे बोटीचा तो भाग आलाच असेल. आला होता. एका मित्राच्या गॉगलवाल्या चेहऱ्याच्या कानामागे ओरखडा स्पष्ट, फोटोवर तारीख, वेळ सगळं. कंपनीनं हँडलचे पैसे कापले, बाकी रक्कम परत केली.

ही हकीकत मी बिछायत केंद्रावर जाऊन सांगितली. मालकांनी पहिल्यांदा अनामतीचा आकडा विचारला. दोन लाखांच्या आसपास म्हटल्यावर त्यांनी हातातलं झाऱ्याचं पोतं खाली ठेवलं. पाणबुड्याची गोष्ट त्यांना फार पटली. सेल्फीची मुळीच पटली नाही.

"तुमच्या घरचं पुढलं लगीन वैशाखात हाय ना, सर?"

"हो."

"मग टेम्पो भरताना फोटू काढू द्या आमच्या पोराला. एकेका ताटाचा. मेव्हण्यालाबी उभं करा त्यात."