सायकलोद्धार : साहित्य व कृती

साहित्य : जुनी सायकल एक. रॉकेल दोन लिटर, मिळालं तर; नाहीतर डिझेल. पॉलिश पेपर, खरबरीत आणि मऊ मिळून डझनभर. पाने, पक्कड, हातोडी. स्वयंपाकघरातून बाद झालेली एक परात (अजून बाद झाली नसली तरी चालेल). ग्रीसचा डबा. घरच्यांची सहनशीलता, चवीपुरती नव्हे, भरपूर.

कृतीकडे वळण्याआधी सायकल मिळवायला हवी. सर्वांत उत्तम म्हणजे स्वतःच्या वडिलांची. ती जिन्याखाली, गेल्या तीन गणपतींची मखरं, रद्दीचे गठ्ठे आणि एक फुटका माठ यांच्या आधाराने उभी असते. तीस वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नसतं. पण तुम्ही हात लावलात की सगळ्या भावंडांच्या भावना एकदम जाग्या होतात. "अप्पांची आठवण आहे रे ती," म्हणून नाशिकच्या ताईचा फोनवर गळा दाटून येतो. हीच ताई मागल्या दिवाळीत "भंगारवाल्याला देऊन टाक ते धूड" म्हणाली होती, हे तिला सांगू नये. वाटण्यांचा विषय निघायच्या आत "ऑइलिंग करून आणतो" एवढंच म्हणून सायकल बाहेर काढावी. ऑइलिंग या शब्दाला मराठी घरात कुणी हरकत घेत नाही.

ज्यांच्या वडिलांनी स्कूटर वापरली त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारात जावं. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे अख्खी सायकल क्वचितच मिळते. ती हप्त्याहप्त्याने मिळते. एका रविवारी चेनकव्हर, पुढच्या रविवारी घंटी, मग बुधवारी कचेरीत पोटदुखी सांगून हँडल. घासाघीस करताना आपली नजर कुठे पडली आहे ते विक्रेत्याला कळू देऊ नये. त्याच्या शेजारच्या गंजलेल्या वजनकाट्याची चौकशी करावी आणि जाता जाता सहज विचारल्यासारखं, "आणि हे काय, चिमटा वाटतं?" असं म्हणावं. याचा उपयोग होत नाही. "अँटिक आहे साहेब," हे वाक्य आता तिथे सगळ्यांना पाठ झालं आहे. अशा तऱ्हेने वर्षभरात तुमच्याकडे दोन सायकलींची हँडलं, तीन सायकलींचे मडगार्ड जमा होतात, पण चालणारी सायकल एकही होत नाही. या टप्प्यावर पत्नीला कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात घेऊन जावं. एकाच माणसाने किती सायकली जमवल्या हे डोळ्यांनी पाहिलं, की आपल्या गॅलरीतल्या पसाऱ्याकडे ती जरा उदारपणे बघू लागते. हा परिणाम साधारण दोन दिवस टिकतो.

पुढची पायरी वंशावळीची. सोयरीक जुळवताना जशी कुळाची चौकशी करतात तशी इथे करावी. रॅले म्हणजे नॉटिंगहॅम, चेनच्या मोठ्या चक्रात बगळ्याची तीन तोंडं. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम. मूळ धंदा बंदुकांचा, म्हणून बिल्ल्यावर तीन रायफली. हंबर दुरूनही ओळखू येते, पुढच्या चाकाला धरणारा तिचा चिमटा दुहेरी असतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर फारच सोपं, त्याच्या अंगावरच वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. पत्रिका बघितल्यासारखं ते भिंगाखाली वाचावं आणि चारचौघांत "छप्पनच्या मार्चमधली" असं हळू आवाजात म्हणावं.

मीही पंधरा वर्षं मित्रांना हळू आवाजात सांगत आलो, "आमच्या वडिलांची रॅले, नॉटिंगहॅमची." मग एका रविवारी मुंड्यावरचा बिल्ला पीतांबरीने घासायला घेतला. आधी काजळी गेली, मग हिरवट चट्टे गेले, आणि खालून अक्षरं वर आली ती 'सेन-रॅले'. म्हणजे आसनसोलची. नॉटिंगहॅमशी नातं आहे, पण मावसभावाचं. सच्चा छांदिष्ट इथे डगमगत नाही. तो घासणं थांबवतो.

आता खोलणे. मजकुराचा जीव इथे आहे, म्हणून सावकाश वाचावं.

पॅडलपासून सुरुवात करावी. उजवं पॅडल सगळे स्क्रू सुटतात तसंच सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतं. हे प्रत्येक छांदिष्टाला कुठेतरी वाचलेलं आठवतं. डावीकडचं उलटं की उजवीकडचं, एवढंच आठवत नाही. मग तो अंगातली सगळी ताकद लावून पॅडल आणखी घट्ट करतो, आणि "गंजाने धरलंय" असा निष्कर्ष काढून गरम पाणी आणायला घरात जातो.

त्यानंतर कॉटर. क्रँक आणि मधला दांडा यांना एकत्र धरून ठेवणारी ही जेमतेम बोटभर लांबीची खीळ. हिच्यापायी अनेक छांदिष्टांनी छंद सोडून सुडोकू धरलं आहे. तिच्या टोकाचा नट काढायचा आणि वरून हातोडी मारायची, एवढंच काम. मी कॉटरला जपत, प्रेमाने, चाळीस वेळा टकटक केलं. खालच्या मजल्यावरचे काका दोनदा दार उघडून गेले. कॉटर तसूभर हलली नाही, फक्त तिच्या आट्यांच्या टोकाचं भूछत्र झालं. शेवटी सायकल खांद्यावर टाकून चौकातल्या सायकलवाल्या अण्णांकडे गेलो. अण्णांनी क्रँकखाली लोखंडी पाइपाचा एक तुकडा उभा रोवला, म्हणजे धक्का छर्ऱ्यांवर न जाता जमिनीत जाईल. मग बिडी कानामागे ठेवली, आणि एकच घाव घातला. कॉटर पाइपात पडल्याचा आवाज आला. "घाबरून मारलं की वाकते," ते म्हणाले, आणि पुन्हा बिडी काढली.

कॉटर बसवताना दोन्ही बाजूंच्या विरुद्ध दिशांनी घालाव्यात. मी दोन्ही एकाच दिशेने घातल्या. त्यामुळे एक पॅडल बाराच्या ठोक्यावर असताना दुसरं सहावर न येता पावणेसातला येऊ लागलं. सायकल चालते, फक्त चालवणारा लंगडतो आहे असं लांबून वाटतं.

यानंतर छर्रे. मधल्या दांड्याच्या (दुकानदारांच्या भाषेत बीबीच्या) दोन्ही बाजूंना अकरा-अकरा, पाव इंची. पुढच्या चाकात दहा-दहा, त्याहून बारीक. मागच्यात नऊ-नऊ, पुन्हा पाव इंची. हे आकडे पाटीवर लिहून ठेवावेत, कारण कप उघडताक्षणी छर्रे पळतात. गॅलरीत परात धरून बसलो होतो तरी चार पन्हळीखाली सापडले, दोन फ्रिजखाली आणि एक नातवाच्या मुठीतून, पाच रुपये मोजून, परत मिळवावा लागला. खरं तर जुने छर्रे पुन्हा घालूच नयेत. ते खाल्लेले असतात, आणि नवे कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतात. पण मी अस्सलपणाचा पुजारी. मूळ छर्रे ते मूळ छर्रे. रॉकेलमध्ये धुतले, ग्रीसमध्ये रोवत एकेक बसवले. मधल्या दांड्याच्या दोन्हीकडे दहा-दहा झाल्यावर जागा भरल्यासारखी वाटली. उरलेले दोन मी शर्टाच्या खिशात टाकले. कारखान्याने दोन जास्तच दिले असतील, अशी स्वतःची समजूत घातली.

अस्सल इंग्रज रॅलेचा अभिमान असलेल्यांसाठी एक सूचना. मधल्या दांड्याचे आटे जवळजवळ सगळं जग इंचाला चोवीस पाडत असताना त्या कारखान्याने सव्वीस पाडले. बाजारातला कप त्यात अर्धा फेरा जातो आणि अडतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

गंजाबद्दल थोडक्यात. क्रोमवरचा गंज चुरगळलेला फॉइलचा तुकडा पाण्यात बुडवून घासला की जातो. पोळीच्या डब्यात तो असतोच. शेजारी चिंच, लिंबू, कोल्ड्रिंक असं काहीबाही सुचवतील, त्यांना मान डोलवावी. जो गंज जात नाही त्याला 'पॅटिना' म्हणावं. दूधवाल्याच्या सायकलवर असतो तो गंज, तुमच्या सायकलवर असतो तो पॅटिना. याच न्यायाने रंग देऊ नये. दिलाच तर मडगार्डवरची सोनेरी रेघ हाताने ओढणारा पेंटर शोधावा, आणि तो सापडेपर्यंत सायकल तशीच ठेवावी. काही सायकली अशा आठ-आठ वर्षं थांबलेल्या आहेत.

मूळ भागांवरून मात्र मनाला त्रास करून घेऊ नये, असं माझं आता मत झालं आहे. वडील या सायकलवरून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं गेले. खोलता खोलता लक्षात आलं, की चिमटा दुसऱ्याच कंपनीचा आहे. मागची रिम तिसऱ्याची. सीट रेक्झिनची, बाकी कशाशीच न जुळणारी, आणि घंटी बहुधा काकांची. जे मोडलं ते त्यांनी पगाराला बदललं आणि दुसऱ्या दिवशी सातच्या पाळीला गेले. कमिटी, चर्चा, मूळ रंगाचा शोध, काही नाही. फक्त मडगार्डवर दोन भोकं तशीच राहिली होती. पालिकेचा पत्र्याचा सायकल परवाना तिथे ठोकलेला असायचा. तो दरवर्षी नवा लागे, नाहीतर चौकात पोलीस धरत.

टायरची चिंता नको. अठ्ठावीस गुणिले दीड अजून सर्रास मिळतो, कारण ज्या सायकलला आपण पुरातन म्हणतो तिच्यावर आजही कुणीतरी गॅसची टाकी वाहून नेत असतं. खरी अडचण वॉलट्यूबची. व्हॉल्व्हवर चढवायची ती काळ्या रबराची बारीक नळी पूर्वी प्रत्येक कोपऱ्यावर मिळायची. ती थुंकी लावून चढवायची, आणि हवा धरते का ते पुन्हा थुंकी लावूनच पाहायचं. बुडबुडा आला नाही की झालं. याला दुसरा उपाय विज्ञानाने शोधलेला नाही.

आता चालवणे. बहुतेक मार्गदर्शक इथे येईपर्यंत संपतात, कारण बहुतेक छांदिष्ट इथवर येतच नाहीत.

वेळ रविवार सकाळी सहाची, म्हणजे ओळखीचे लोक झोपलेले असतात. पोशाखाचे दोन पंथ आहेत. लंडनमध्ये 2009 पासून जुन्या सायकलींवर लोकरी कोट-टाय घालून मिरवणूक काढतात; आपल्याकडे त्याऐवजी धोतर, काळी टोपी आणि पायाला क्लिप असा थाट करता येतो. धोतर आणि चेन यांची गाठ पडल्यावर काय होतं ते आजोबांच्या पिढीला विचारावं. मी हाफ पँट घालतो.

टांग मारण्याची रीत : डावा पाय डाव्या पॅडलवर, उजव्या पायाने दोनतीन उड्या, मग तो कॅरिअरवरून पलीकडे. पन्नाशीनंतर उजवा पाय कॅरिअरच्या उंचीवर येऊन विचारात पडतो. अशा वेळी फुटपाथचा कठडा शोधावा आणि आपण मोबाईल बघायला थांबलो आहोत असं दाखवावं. तीन गिअरवाल्यांनी चढावर उभं राहून पॅडल मारू नये. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधोमध एक जागा अशी आहे की तिथे काहीच लागत नाही. पाय रिकामा खाली जातो आणि नळी वर येते. दांड्यांचे ब्रेक रिमला खालून धरतात, आणि रिम कोरडी असेल तरच धरतात. पावसात थांबायचं असेल तर एक चौक आधी ठरवावं.

डायनामो चाकाला टेकवला की सायकल जड होते आणि मडगार्डवर मिणमिणता दिवा लागतो. सिग्नलला थांबलं की तो विझतो. दिवा नसला की पूर्वी पोलीस चाकाची हवा सोडायचे. परवा नळस्टॉपला एका तरुण हवालदाराने मला थांबवलं. पोटात गोळा आला, वडिलांना यायचा तसाच असावा. त्याने सायकलबरोबर फोटो काढला, "आमच्या आज्याची होती अशी," म्हणाला, आणि पाठ थोपटून जाऊ दिलं.

त्या दिवशीच टिक्-टिक् लक्षात आली. पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा, उजवा पाय खाली जाताना. साडेचार किलोमीटर मी तिला 'जुन्या सायकलीचं संगीत' समजत होतो. अण्णांच्या दुकानासमोरून मुद्दाम सावकाश गेलो, त्यांनी सायकल बघावी म्हणून. ते पाण्याच्या घमेल्यात एक ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते. मान वर केली नाही.

"बीबीत छर्रे कमी आहेत," ते म्हणाले.

"किती असतील हो?"

"तुमच्या खिशात असतील तेवढे."