तात्पर्य विचारू नका

नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत 80 प्रश्न असतात. त्यातले 40 एकट्या मानसिक क्षमतेचे, म्हणजे 100 पैकी 50 गुण तिथंच. त्यामुळं पुसदमधले आईबाप आकृत्यांची पुस्तकं आणतात, शिकवणी लावतात. त्यात काही गैर नाही. बंजारा तांड्यावरच्या पोरासाठी नवोदय म्हणजे अख्ख्या घराची दिशा बदलणारी गोष्ट आहे. माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे : "गोष्टी पुरे झाल्या, आता काहीतरी बुद्धीचं कर." हे वाक्य आता चार-पाच वर्षांच्या लेकरांनाही ऐकवलं जातं.

अहो, बुद्धीचंच काम चाललं होतं!

भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी घ्या. ती आत आहे हे ऐकणाऱ्या मुलाला ठाऊक आहे, वाघाला ठाऊक नाही, आणि वाघाला ठाऊक नाही हेही मुलाला ठाऊक आहे. भोपळा वाघासमोरून पुढं गेला की मूल खिदळतं ते या तिहेरी हिशेबामुळं. समोरच्याच्या डोक्यात चुकीची समजूत आहे आणि तो तिच्याप्रमाणंच वागणार, हे ताडणं ही लहान वयातली फार मोठी उडी आहे. विमर आणि पेर्नर या ऑस्ट्रियातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली ती मोजली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं चॉकलेट आता जिथं आहे तीच जागा दाखवतात. चार ते सहाच्या दरम्यान उत्तर बदलायला लागतं. ही जगभर गाजलेली चाचणीसुद्धा एक छोटी गोष्टच होती, बरं का.

दुसरा पुरावा याहून थेट आहे. 1988 मध्ये मारिया डियास आणि पॉल हॅरिस यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांपुढं कोडं ठेवलं : सगळी मांजरं भुंकतात, रेक्स मांजर आहे, तर रेक्स भुंकतो का? नुसतं विचारलं तेव्हा बरीच मुलं म्हणाली, छे, मांजर कुठं भुंकतं! तेच खोट्याखोट्या खेळातलं म्हणून सांगितलं तेव्हा मुलांनी दिलेलं विधान धरून बरोबर निष्कर्ष काढला. "असं धरून चाला" म्हणून पुढं विचार करणं हा भूमितीचाही पाया आहे आणि कोर्टातल्या युक्तिवादाचाही. चार वर्षांच्या पोराला तो कल्पनेच्या दारानं गाठता येतो. मग आपण नेमकं तेच दार का लावून घेतो?

आता आपली काऊ-चिऊची गोष्ट. लीळाचरित्रातही ती भेटते, म्हणजे निदान सातशे वर्षं विदर्भातली लेकरं ती ऐकत आली आहेत. शेणाचं घर वाहून गेलं, मेणाचं का नाही गेलं? चिमणीनं दार लगेच उघडलं नाही. तिला खरंच कामं होती की ती टाळत होती? कशावरून म्हणतोस? कावळ्याला ते कळलं असेल का? आणि हाच प्रसंग पावसाळ्याऐवजी पुसदच्या मे महिन्यात घडला असता तर? इथं थांबा. घाई करू नका. पोर छताकडं बघेल, ओठ चावेल आणि म्हणेल, "मंग चिमणीचं घर वितळलं असतं. मंग तिलेच कावळ्याकडे जावं लागलं असतं." आणि मग स्वतःहूनच, "पण त्यानं दार उघडलं असतं का?" कारण, परिणाम, पुरावा, बदललेली अट, दुसऱ्याची बाजू : सगळं एका बैठकीत झालं, तेही फुकट.

आणि आपण काय करतो? गोष्ट संपते न संपते तोच विचारतो, "मग यातून काय शिकलास?" मूलही शहाणं असतं. मोठ्यांना हवं असलेलं उत्तर त्याला पाठ असतं : अडचणीत मदत करावी. झालं, विचार तिथंच बंद. आपणच केला.

समजावून सांगण्याचा सोसही तितकाच घातक. पेस्किन आणि अ‍ॅस्टिंग्टन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या एका गटाला चित्रकथा वाचून दाखवल्या त्या "त्याला वाटलं", "तिला ठाऊक होतं" अशी मनातली फोड मुद्दाम घालून. दुसऱ्या गटाला त्याच कथा त्या फोडीविना. पहिल्या गटाच्या तोंडी ते शब्द जास्त आले. पण चुकीच्या समजुतीनं वागणारं पात्र तसं का वागलं, याचा उलगडा दुसऱ्या गटानं जास्त चांगला केला. ज्यांना कोणी सांगितलं नाही, त्यांना स्वतः जोडून घ्यावं लागलं.

म्हणून पुस्तकंही उपदेश न करणारी निवडा. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' घ्या. 'किशोर' मासिकाचे जुने अंक आणि 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी मोबाइलवर मोफत मिळतात.

पुसदकरांना एक आठवण करून द्यायची आहे. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा, बालभारतीची स्थापना 1967 ची, 'किशोर'चा पहिला अंक 1971 चा. तिन्ही वेळी मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आपल्या तालुक्यातल्या गहुलीचे. त्यांच्या तालुक्यातल्या किती वाचनालयांत सहा वर्षांच्या मुलाचा हात पोचेल अशा फळीवर गोष्टीची पुस्तकं आहेत? संचालक मंडळांनी याच आठवड्यात बघावं. कुलपाच्या कपाटात असतील तर किल्ली काढावी, आणि पान फाटलं म्हणून पोरावर ओरडू नये.

तांड्यावरचं मूल पहिलीच्या वर्गात गप्प बसतं, त्याला आपण फार लवकर 'कच्चं' म्हणतो. चिमणीनं दार का उघडलं नाही हे त्याला कळलेलं असतं, फक्त सांगायला मराठी शब्द अजून जमा झालेले नसतात. त्याला घरच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलू द्या. शेजारचं पोर गुरुजींना मराठीत सांगेल. आणि गुरुजींनी, बाईंनी एक दिवस तांड्यावरच्या एखाद्या आजीला शाळेत बोलवावं, तिच्या बोलीतली गोष्ट वर्गात सांगायला लावावी, ऐन रंगात तिला थांबवावं आणि साऱ्या वर्गाला विचारावं : आता पुढं काय होईल? आणि काऊन?